ज्यांच्यावर संशोधन, त्यांनाच पत्ता नाही!

वैशाख लागला की महाराष्ट्रात दोन प्रकारचे मांडव पडतात. एक लग्नाचा आणि दुसरा व्याख्यानमालेचा. पहिल्याविषयी येथे काही म्हणावयाचे नाही. दुसऱ्याच्या कार्यक्रमपत्रिका मात्र गेली काही वर्षे आम्ही आवर्जून जमवीत आलो आहोत. तालुक्याच्या गावापासून पुण्या-मुंबईपर्यंतच्या या पत्रिका समोर पसरून बसले की एक गोष्ट चटकन डोळ्यांत भरते. त्यांत शिवचरित्र आहे, अध्यात्म आहे, ‘यशाची गुरुकिल्ली’ आहे, ‘हसतखेळत तणावमुक्ती’ आहे, मधुमेहावर बोलणारे डॉक्टर आहेत आणि शेअर बाजारात पैसे कसे गुंतवावेत हे सांगणारे तज्ज्ञही आहेत. परंतु उसाच्या फडात कोयता चालविणाऱ्याला, इचलकरंजी-मालेगावच्या यंत्रमागावर पाळी करणाऱ्याला, पाठीवर पिशवी टाकून घरोघर जिन्नस पोहोचविणाऱ्या तरुणाला मजुरी किती मिळते, ती तेवढीच का मिळते, ती वाढली तर काय होईल, या विषयासाठी एकही संध्याकाळ राखलेली नाही.

संशोधनच झालेले नाही, अशी स्थिती असती तर आमची तक्रार नव्हती. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. श्रम आणि लोककल्याण यांच्या अर्थशास्त्राला गेल्या काही दशकांत जगभर बहर आला आहे. १९९८ साली अमर्त्य सेन यांना कल्याणविषयक अर्थशास्त्रासाठी, २०२१ साली डेव्हिड कार्ड यांना श्रमाच्या अर्थशास्त्रातील कामासाठी आणि २०२३ साली क्लॉडिया गोल्डिन यांना स्त्रियांच्या रोजगाराच्या अभ्यासासाठी नोबेल मिळाले. मुंबईच्या गिरणी कामगारावर कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९६५ साली मॉरिस डेव्हिड मॉरिस यांचा ग्रंथ काढला. केंब्रिजने १९९४ साली राजनारायण चंदावरकरांचा काढला. गिरणगावाची हकीकत प्रशांत महासागराच्या काठावर पोहोचली, लालबागच्या चाळीत मात्र तिचा एक परिच्छेदही परत आला नाही. ज्याच्या आयुष्याचा अभ्यास झाला तो कामगार त्या अभ्यासाचा विषय झाला, श्रोता कधी झाला नाही. आमचा आक्षेप नेमका येथे आहे.

हे नेहमीच असे होते काय? मुळीच नाही. १८४९ साली लोकहितवादींनी ‘लक्ष्मीज्ञान’ लिहून मराठी वाचकाला अर्थशास्त्राची ओळख करून दिली, तेव्हा मुंबई विद्यापीठाचा जन्मही व्हायचा होता. १८७२-७३ च्या सुमारास न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात व्यापार आणि देशी उद्योग यांवर मराठीतून व्याख्याने दिली. श्रोत्यांत सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी होते. त्यांनी स्वदेशीचे व्रत घेतले ते याच विचारांच्या प्रभावाखाली, आणि १८७७ च्या दिल्ली दरबारात हा गृहस्थ हातसुताच्या कपड्यांत जाऊन उभा राहिला. अर्थशास्त्रावरच्या व्याख्यानाचा असा परिणाम आज कोणी कल्पनेत तरी आणील काय? वसंत व्याख्यानमाला १८७५ साली सुरू झाली तीही रानड्यांच्याच पुढाकाराने. पुढे १८९२ साली डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्रावर त्यांनी जे प्रसिद्ध भाषण केले ते इंग्रजीत होते हे खरे, परंतु विलायती सिद्धान्त हिंदुस्थानच्या परिस्थितीला जसेच्या तसे लागू करू नका, हा त्याचा गाभा ते आधी मराठी श्रोत्यांपुढे आचरून मोकळे झाले होते. याच रानड्यांनी मराठ्यांच्या सत्तेच्या उदयाचा इतिहासही लिहिला. इतिहास आणि अर्थशास्त्र यांच्यात त्यांना विरोध दिसला नाही. शिवचरित्राची व्याख्याने व्हावीत, शंभर वेळा व्हावीत. पण रयतेच्या गवताच्या काडीलाही हात लावू नका अशी ताकीद देणाऱ्या राजाचे चरित्र ऐकून घरी जाताना आजच्या रयतेची रोजंदारी किती, हा प्रश्न मनात येऊ नये, इतके आपले कान सरावले आहेत.

रानड्यांनंतरही हा धागा तुटला नव्हता. ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगने १९११ पासून मुंबईच्या कामगार वस्त्यांत रात्रशाळा आणि वाचनालये चालविली. १९३० साली रावबहादूर काळे यांच्या देणगीतून गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली. काळे स्मृती व्याख्यानासाठी १९३९ साली डॉ. आंबेडकर पुण्यात आले होते. संस्थेचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ हे केंब्रिजला शिकून आलेले, पण प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांच्या शेजारी बसून शेतकऱ्यांना सहकारी साखर कारखान्याचा हिशेब समजावून सांगताना त्यांची विद्वत्ता उणावली नाही. तो हिशेब शेतकऱ्यांना पटला म्हणून कारखाना उभा राहिला. त्या कारखान्याचा ऊस तोडणाऱ्याला त्याच्या हिशेबाचे कोणी काय समजावले, हा प्रश्न मात्र तेव्हाही मागे राहिला आणि आजही मागेच आहे.

आता विद्वज्जनांचा पहिला बचाव ऐकू. मराठीत परिभाषा नाही म्हणे! एका परिसंवादात आम्ही स्वतः हे उद्गार ऐकले आहेत. विषय होता ग्रामीण मजुरी. मागच्या रांगेतील एका शिक्षकाने मराठीतून प्रश्न विचारला, त्याला उत्तर मिळाले इंग्रजीतून, आणि वर ‘या संज्ञा मराठीत नाहीत’ अशी पुस्तीही जोडली गेली. विद्यापीठाचे नाव घेण्याचे कारण नाही, कारण ते कोणतेही असू शकले असते. परिभाषा नाही? मग सालगडी म्हणजे काय? पाडव्यापासून पाडव्यापर्यंतचा श्रमाचा करार. उक्ते काम म्हणजे काय? कामाच्या मापावर ठरलेली मजुरी. उचल म्हणजे भावी श्रम तारण ठेवून घेतलेले कर्ज. इर्जिक आणि सावड म्हणजे पैशाशिवाय होणारी श्रमाची देवघेव. मुकादम म्हणजे श्रमाच्या बाजारातील मध्यस्थ. इंग्रजीत ज्यासाठी तीन-तीन शब्दांचे समास जुळवावे लागतात, त्यासाठी आपल्या शेतकऱ्याकडे एक-एक शब्द आहे आणि तोही त्याच्या अनुभवातून आलेला आहे. उणीव असेल तर ती हे शब्द माहीत असलेल्या प्राध्यापकांची.

आणि सिद्धान्त अवघड असतात म्हणावे, तर नमुन्यादाखल एक सांगून पाहू. किमान वेतन वाढविले तर मालक माणसे कमी करतो, असे पाठ्यपुस्तके पिढ्यान्‌पिढ्या शिकवीत आली. १९९२ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याने किमान वेतन ताशी सव्वाचार डॉलरवरून पाच डॉलर पाच सेंटवर नेले. शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने ते वाढविले नाही. कार्ड आणि त्यांचे सहकारी ॲलन क्रूगर यांनी सीमेच्या दोन्ही बाजूंची मिळून ४१० झटपट खाद्यगृहे निवडली आणि वाढीच्या आधी व नंतर तेथे किती माणसे कामाला आहेत ते मोजले. न्यू जर्सीतील रोजगार घटलेला आढळला नाही. कागल आणि निपाणी डोळ्यांसमोर आणा. मध्ये राज्याची सीमा आहे, दोन्हीकडची माणसे, भाषा, बाजार जवळपास सारखेच. उद्या कागलात मजुरीचा दर वाढला आणि निपाणीत वाढला नाही, तर सहा महिन्यांनी दोन्हीकडे जाऊन मोजायचे. बस्स, एवढाच हा प्रयोग. त्याच्या निष्कर्षावर वाद झाले, अद्याप होतात, आणि अमेरिकेतील निष्कर्ष कागलला लागू पडेलच असे नाही. पण हे समजायला पदवी लागते काय? कागलच्या बाजारातील कोणताही हमाल हे ऐकून लगेच विचारील, ‘मालकाने माणूस काढला नाही, पण तास कमी केले का?’ आणि हाच प्रश्न त्या क्षेत्रातील विद्वानांनीही परस्परांना विचारला आहे.

दुसरा बचाव संयोजकांचा. अर्थशास्त्राला गर्दी होत नाही! १९५८ पासून नानी पालखीवाला मुंबईत अर्थसंकल्पावर बोलत. ग्रीन हॉटेलच्या सभागृहात सुरू झालेले ते व्याख्यान जागा अपुरी पडू लागली म्हणून पुढे ब्रेबॉर्न स्टेडियमवर न्यावे लागले. क्रिकेटचे मैदान अर्थशास्त्राने भरत होते, तेही इंग्रजीतून. का? कारण श्रोत्यांपैकी प्रत्येकाच्या खिशाशी त्याचा संबंध होता. आयकर भरणाऱ्याला आपल्या खिशाची जेवढी चिंता, तेवढी रोजंदारीवर जगणाऱ्याला नसते असे संयोजकांना वाटते काय? खरे कारण वेगळे असावे अशी आमची शंका आहे, आणि ती बोलून दाखविणे भाग आहे. व्याख्यानमालेच्या कमानीवर नावे कोणाची असतात? साखर कारखान्याची, पतपेढीची, बांधकाम व्यावसायिकाची. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर असतो, तो बांधकाम मजुरांच्या कल्याणासाठी असतो आणि नोंदणी झालेल्या मजुरालाच त्याचा लाभ मिळतो, हे त्या कमानीखाली उभे राहून सांगणारा वक्ता पुढच्या वर्षी बोलावला जाईल काय? तणावमुक्तीवर बोलणारा मात्र बोलावला जातो. त्याच्याने कोणाचाच ताण वाढत नाही.

कामगारांचा कैवार घेणाऱ्या पुरोगामी वक्त्यांनाही येथे सूट देता येत नाही. त्यांनी व्यासपीठे गाजविली, पण कामगाराला आकडे क्वचितच दिले, दिल्या त्या घोषणा. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांतील संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तोवर कापडाचे उत्पादन गिरण्यांकडून भिवंडी-मालेगाव-इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे सरकत चालले होते. अभ्यासकांना ते दिसत होते, सरकारी आकडेवारीत ते नोंदले जात होते, मालकांना तर ते पक्के ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते कामगाराला. गिरणी बंद पडली तर आपले अडेल, मालकाचे अडणार नाही, हा हिशेब संपापूर्वी कोणी त्याच्या चाळीच्या पटांगणात मांडला असता, तर संप झालाच नसता असे आम्ही म्हणणार नाही. मागण्या खऱ्या होत्या आणि उपेक्षाही खरी होती. पण डोळे उघडे ठेवून लढणे आणि डोळ्यांवर पट्टी बांधून लढणे यांत फरक असतो. त्या पट्टीची किंमत परळ-लालबागच्या एका पिढीने मोजली.

आजही तेच चालले आहे. २९ कामगार कायद्यांच्या जागी चार संहिता आल्या. संसदेने त्या २०१९ व २०२० साली संमत केल्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ रोजी त्या अमलात आल्या. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा अधिक दाखविता येणार नाहीत, वरचा भाग वेतनच धरला जाईल. मुदतीच्या करारावरील कामगाराला एका वर्षानंतर उपदान मिळेल. कामगारकपातीसाठी सरकारच्या पूर्वपरवानगीची अट शंभरऐवजी तीनशे कामगारांच्या कारखान्यापासून लागू होईल. ॲपवरून काम देणाऱ्या कंपन्यांना उलाढालीचा एक ते दोन टक्के वाटा सामाजिक सुरक्षेसाठी द्यावा लागेल. यांतील काही तरतुदी कामगाराच्या हिताच्या आहेत, काही त्याच्या धास्तीच्या आहेत. कोणती कोणत्या खात्यात टाकायची, यावर अर्थशास्त्र्यांत मतभेद आहेत आणि ते असणारच. पण चाकणच्या कारखान्यातील कंत्राटी तरुणाने हे मतभेद कोठे ऐकायचे? मोर्चात त्याला सांगतात, सर्व संपले. जाहिरातीत सांगतात, सुवर्णयुग आले. या दोहोंच्या मधली, हिशेबाची जागा रिकामी आहे.

स्त्रियांच्या बाबतीत तर ही रिकामी जागा अधिकच बोचते. सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणानुसार पंधरा वर्षांवरील स्त्रियांपैकी काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या २०१७-१८ साली २३.३ टक्के होत्या. २०२३-२४ साली ते प्रमाण ४१.७ टक्के झाले. सहा वर्षांत एवढी उडी! एक पक्ष म्हणतो, स्त्री घराबाहेर पडली, देश बदलला. दुसरा म्हणतो, नोकऱ्या नाहीत म्हणून घरच्या शेतात राबणे वाढले. वाढलेल्या कामाचा मोठा भाग स्वयंरोजगाराचा आहे, आणि २०२३-२४ मध्ये काम करणाऱ्या स्त्रियांपैकी एक तृतीयांशाहून अधिक घरच्या शेतात वा धंद्यात बिनपगारी मदतनीस होत्या, हे त्याच सर्वेक्षणात आहे. मग खरे काय? सर्वेक्षक दारात येतो आणि विचारतो, ‘आपण काय काम करता?’ पहाटे गोठा झाडून, दूध काढून, दुपारी खुरपून आलेली बाई पदर सावरत म्हणते, ‘मी काही नाही करत, घरीच असते.’ तिच्या या एका वाक्याने देशाची आकडेवारी बदलते. प्रश्न थोडा वेगळ्या रीतीने विचारला की तीच बाई मोजणीत येते. या सहा वर्षांतली वाढ कितीशी खरी आणि कितीशी नीट मोजण्यामुळे दिसू लागलेली, हा आज देशातील विद्वानांपुढचा खराखुरा प्रश्न आहे, आणि त्याचे अर्धे उत्तर त्या बाईकडे आहे. तिलाच सभागृहाबाहेर ठेवून हा वाद चालतो.

उसाच्या फडात तर मोजणीचे एकक माणूस नसून ‘कोयता’ असतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीची, टनाचा हिशेब जोडीचा, आणि पैसा बहुधा नवऱ्याच्या हाती. म्हणजे बीडहून कोल्हापूरकडे निघालेल्या गाडीत बसलेली स्त्री श्रमिक म्हणून स्वतंत्रपणे अस्तित्वातच नसते. तिची मजुरी किती, या प्रश्नाला उत्तर नाही, कारण तो प्रश्नच हिशेबात नाही. यावर बीडच्या एखाद्या गावात, गाड्या निघण्यापूर्वी दसऱ्याच्या सुमारास एक व्याख्यान ठेवून पाहावे. तेथे गर्दी होते की नाही, ते आम्हाला कळवावे.

लाडक्या बहिणीच्या योजनेवर २०२४ च्या जुलैपासून महाराष्ट्रात जेवढे बोलले गेले तेवढे क्वचितच कोणत्या योजनेवर बोलले गेले असेल. दरमहा दीड हजार रुपये. एका बाजूला ‘रेवडी’, दुसऱ्या बाजूला ‘बहिणीचा मान’. शेतकरी म्हणतो, फुकटचे पैसे आले आणि मजूर कामाला यायचा थांबला. हे खरे आहे काय? अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा विकसनशील देशांतील सात प्रयोगांची आकडेवारी एकत्र तपासून २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला, की रोख मदतीमुळे माणसे काम सोडतात याचा सुसंगत पुरावा सापडत नाही. त्या सहांत भारत नव्हता. मग महाराष्ट्रात काय घडले? शिवाराचा अनुभव एक सांगतो आणि संशोधन दुसरे. दोघांना समोरासमोर बसविण्याची जागा व्याख्यानाचे व्यासपीठ हीच होती. आणि ‘पैसे कोठून आणणार’ हा राज्याच्या तिजोरीचा प्रश्नही त्याच व्यासपीठावर तेवढ्याच परखडपणे यायला हवा होता. आला नाही. वाद झाला तो वाहिन्यांच्या आरडाओरड्यात.

हे विसरून चालणार नाही, की रोजगार हमीची कल्पना याच मातीतली. वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूरला तिचा प्रयोग केला, १९७२ च्या दुष्काळाने तिला राज्यभर नेले, १९७७ साली तिचा कायदा झाला, २००५ साली देशाने ती उचलली. दांडेकर आणि रथ यांनी १९७१ साली दारिद्र्याची रेषा आखली तीही पुण्यात बसून. ग्रामीण भागात दरडोई दरमहा १५ रुपये, शहरात साडेबावीस, १९६०-६१ च्या किमतींनुसार. जगाला शिकवायला आपल्यापाशी हे होते. भारतीय अर्थविज्ञानवर्धिनीची ‘अर्थबोधपत्रिका’ आणि मराठी अर्थशास्त्र परिषदेसारखे उपक्रम हा वारसा मराठीत टिकवून धरण्यासाठी झाले, त्यांना मानाचा मुजरा. परंतु ते वाचणारा वर्ग मुळात वाचणारा आहे. न वाचणाऱ्यापर्यंत कान हीच वाट जाते. कीर्तनकारांना हे सातशे वर्षांपूर्वी कळले होते.

आता मागणी. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाची केंद्रे आणि ललित कला भवने राज्यभर पसरलेली आहेत. मंडळाच्या निधीसाठी दर सहा महिन्यांनी कामगाराच्या वेतनातून कपात होते, म्हणजे ही सभागृहे कामगाराच्या पैशावरही उभी आहेत. तेथे नाट्यस्पर्धा होतात, भजनस्पर्धा होतात, व्हाव्यात. त्यांच्या जोडीला प्रत्येक केंद्रात वर्षाकाठी सहा संध्याकाळी श्रमाच्या अर्थशास्त्रासाठी राखून ठेवा. सरकारी अनुदानावर श्रमिकांचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येक प्राध्यापकावर, अहवाल सादर करण्यापूर्वी, ज्या गावात वा वस्तीत प्रश्नावली भरून घेतली तेथे जाऊन मराठीतून निष्कर्ष सांगण्याची अट घाला, आणि पदोन्नतीत शोधनिबंधाइतकेच त्या व्याख्यानाला वजन द्या. प्रश्नोत्तरांना व्याख्यानाइतकाच वेळ ठेवा. विषयांची वाण नाही: चार संहितांत माझे काय, कोयत्यातल्या बाईची मजुरी, ॲपवरच्या कामाचा तासाचा हिशेब, उचल आणि तिचे व्याज, किमान वेतन कोण ठरवतो. पहिली फेरी चाकण, इचलकरंजी आणि केज येथे करावी, केजची मात्र दसऱ्याच्या आत. नंतर गाव रिकामे झालेले असते.